शेर गेला, पाव राहिला

जुन्या अंकलिप्या आणि उजळण्या मी गेली काही वर्षे जमवतो आहे. बहुतेक रद्दीतून मिळतात, काही कोणाच्या माळ्यावरून. त्यांतल्या एका उजळणीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी टाकाने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. जितके आणे डझन, तितक्या पै नग. खाली नाव नाही, तारीख नाही. अक्षर मात्र घोटीव आहे. लिहिणारा कारकून असेल, वाण्याच्या दुकानातला दिवाणजी असेल किंवा त्याचा शाळकरी मुलगाही असेल.

या तीन ओळींकडे मी सुरुवातीला गंमत म्हणून पाहत होतो. पुढे पडताळून पाहिल्या तर तिन्ही तंतोतंत बरोबर निघाल्या. त्यांतून मला एक प्रश्न पडला आणि त्याचाच मागोवा या लेखात घेतला आहे. आज विज्ञानाच्या वर्गात मुले ग्रॅमचे किलोग्रॅम आणि सेंटीमीटरचे मीटर करतात. हे काम इतके सोपे झाले आहे की त्यात शिकवण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. मग त्याच मुलांच्या घरी सातबारा, सोन्याची पावती किंवा धरणाच्या पाण्याची बातमी आली की आकडे परके का वाटतात? सोपे केलेले रूपांतर उपयोगाच्या जागी का येत नाही?

सोळाचे नाते

आधी त्या तीन ओळी समजून घेऊ. ४० शेरांचा मण. रुपयाचे १६ आणे. ४० ला १६ ने भागले की अडीच. म्हणून मणाचा भाव २४ रुपये असेल तर अडीच शेरांना २४ आणे, म्हणजे दीड रुपया. शेराचे १६ छटाक आणि रुपयाचे १६ आणे, म्हणून शेराचा भाव जितके रुपये तितकेच आणे छटाकाला. आण्याच्या १२ पै आणि डझनात १२ नग, म्हणून तिसरी ओळ. भागाकार करायची गरजच नाही, शब्द तेवढा बदलायचा.

आपण जुन्या मापांना सरसकट गोंधळ म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. नाणे आणि वजन यांचे विभाग एकमेकांना जुळतील असे बसलेले होते. दोन्ही निम्मे-निम्मे होत खाली उतरत. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. आणि समोर रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे पाढे याच उतरंडीसाठी होते. पाचाची पावकी सव्वा, सातांची पावकी पावणेदोन, सातांची अडीचकी साडेसतरा. लिहिण्याची रीतही तशीच. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर किंमत '२।। रुपये' अशी छापलेली दिसते ती हीच.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे पडताळ्याची सोय. कंपनी सरकारच्या काळापासून चांदीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा होता आणि तोळाही तितकाच, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. शेर ८० तोळ्यांचा. म्हणजे ताजव्याच्या एका पारड्यात न झिजलेले ८० रुपये टाकले की दुसऱ्या पारड्यातला शेर खरा की खोटा ते कळावे. गरिबाकडे एका वेळी ८० रुपये नसत हे उघड आहे. पण पाच रुपयांत छटाक तपासता येत होता. मापाची साक्ष नाण्यातच होती.

शेर किती प्रकारचा

मात्र हे चित्र जितके नीटस तितकेच फसवे आहे, कारण ८० तोळ्यांचा शेर सगळीकडे नव्हता. मुंबईचा जुना मण २८ रत्तलांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. रेल्वेचा मण ८२ रत्तलांहून थोडा जास्त, सुमारे ३७.३ किलोचा. नाव एक आणि वजनात जवळजवळ तिपटीचा फरक. मुंबईची खंडी वीस मणांची, ५६० रत्तल. पण कापसाची खंडी २८ मणांची, ७८४ रत्तल. धान्य तर तोलण्याऐवजी मापले जाई. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. मापाचा शेर वेगळा, तोलाचा शेर वेगळा. मराठवाड्यात निजामी अमलात नाणेही दुहेरी होते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. तिकडच्या माणसाला बाजारात पाऊल टाकण्याआधीच एक रूपांतर करावे लागे.

अशा ठिकाणी ज्याला दोन्ही बाजू ठाऊक तो कमावतो आणि ज्याला एकच ठाऊक तो गमावतो. शेतकऱ्याने एका मापाने घातलेले धान्य सावकाराने दुसऱ्या मापाने लिहून घेणे, हे त्या काळच्या तक्रारींत पुन्हा पुन्हा येते. म्हणून जुन्या पाढ्यांचे कौतुक करताना जुन्या बाजाराचे कौतुक करण्याचे कारण नाही.

एकच माप असावे हा विचार स्वातंत्र्यानंतरचा नाही. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७१ मध्ये वजनांचा एक कायदा झाला. त्यात मूळ वजनाला 'शेर' हेच नाव ठेवले होते आणि त्याचे वजन फ्रान्समधल्या किलोग्रॅमइतके ठरवले होते. नाव आपले, आतला ऐवज मेट्रिक. पुढच्याच वर्षी मेयो यांचा अंदमानात खून झाला आणि कायदा कागदावरच राहिला. तो अमलात आला असता तर आज आपण 'एक शेर साखर' मागितली असती आणि दुकानदाराने बरोबर १,००० ग्रॅम दिली असती. त्यानंतर १९३२ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि १९३९ चा केंद्रीय कायदा आला. दोघांनी १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हेच प्रमाण मानले. एकसारखेपणाच्या दिशेने हे पाऊल होते, पण दशमानाच्या दिशेने नव्हते.

भोकाचा पैसा आणि नवा पैसा

दशमानाची मागणी कलकत्त्यातली इंडियन डेसिमल सोसायटी स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून करत होती. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने आणि तिचे पहिले संचालक लालचंद वर्मन यांनी तिला शास्त्रीय बळ दिले. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५ मध्ये, नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. १ एप्रिल १९५७ रोजी नवे नाणे चालू झाले. डिसेंबर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा मंजूर झाला होता, पण त्याची अंमलबजावणी १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. एप्रिल १९६२ मध्ये जुनी वजने बेकायदा ठरली. १९५७ मध्येच भारत आंतरराष्ट्रीय मीटर कराराचा सदस्य झाला. किलोग्रॅमच्या मूळ आदर्शाची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ठेवली गेली.

या तारखांकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. नाणे आधी बदलले, वजने मागाहून. निदान दीड वर्ष, आणि पुष्कळ ठिकाणी त्याहून अधिक काळ, रुपया शंभराचा आणि शेर सोळाचा अशी स्थिती होती. उजळणीतल्या तीन ओळींचा जीव ज्या सोळाच्या नात्यात होता ते नातेच तुटले. शेराचा भाव एक रुपया असेल तर छटाकाला सव्वासहा नवे पैसे. सव्वासहा नवे पैसे द्यायचे कसे?

त्यासाठी रूपांतराचे कोष्टक होते. कायद्याचा नियम असा की अर्धा किंवा अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्णांक घ्यावा. म्हणून एक आणा ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. पाच आणे ३१, सहा ३७, सात ४४, आठ ५०. त्या पिढीतल्या माणसांशी बोललो तर '६, १२, १९, २५' ही चाल अजून त्यांच्या तोंडात आहे. पाढ्यासारखी म्हणतात, पण ती पाढा नाही. सहा, सहा, सात, सहा अशा अडखळत्या पायऱ्या आहेत.

आता या कोष्टकाचा हिशेब मांडून पाहू. जुना एक पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, १.५६२५ नवे पैसे. नियमाने त्याचे २ झाले. मधे भोक असलेला तो तांब्याचा पैसा देऊन जी वस्तू मिळे, तिला आता २ नवे पैसे. अशा ६४ वस्तू एकेक करून घेतल्या तर पूर्वी एक रुपया लागे, आता १ रुपया २८ नवे पैसे लागतील. उलट एक आण्याची वस्तू १६ वेळा घेतली तर ९६ नवे पैसेच पडतात. म्हणजे आण्याने खरेदी करणारा चार नव्या पैशांनी फायद्यात आणि पैशाने खरेदी करणारा अठ्ठावीस नव्या पैशांनी तोट्यात. पैशाने खरेदी करणारा कोण, हे सांगायला नको.

आणखी एक उदाहरण घेऊ. शेराला दहा आणे भाव आहे. रोजंदारीवरचा माणूस रोज नवटाक घेतो, म्हणजे शेराचा आठवा भाग. जुन्या नाण्यात त्याचा सव्वा आणा होई, एक आणा आणि एक पैसा, बिनचूक. नव्या नाण्यात ७.८१, म्हणून ८. आठ दिवसांत त्याने एक शेर घेतला आणि ६४ नवे पैसे दिले. शेजारच्याने एकदम शेर घेतला, त्याला दहा आण्यांचे ६२ नवे पैसे पडले. फरक दोन नव्या पैशांचा. पण तो कोणाच्या खिशातून गेला हे महत्त्वाचे.

यात कोणी लबाडी केली असे नाही. नियम सर्वांना सारखाच होता. जुन्या नाण्यांत आधी बेरीज करून शेवटी एकदाच रूपांतर केले असते तर फरक नगण्य राहिला असता. पण रोज नवटाक घेणाऱ्याची बेरीज रोजच संपते. विज्ञानाच्या वर्गात आजही सांगतात की मधल्या पायऱ्यांत आकडा पूर्ण करू नका, उत्तर आल्यावर शेवटी करा. मुलांना तो परीक्षेचा नियम वाटतो. १९५७ च्या बाजारात तो पोटाचा नियम होता.

वजने बदलताना

वजनांच्या बदलात आणखी एक गुंता होता. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलो त्याहून ६७ ग्रॅमनी मोठा. एक शेर आणि जवळजवळ सहा तोळे. क्विंटल म्हणजे दोन मण सत्तावीस शेर. शेराच्या भावात किलो मिळणार नाही हे लोकांनी समजून घ्यायला हवे होते, आणि किलोचा भाव सात टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये हेही. दोन्ही बाजूंनी रूपांतर येणे गरजेचे होते. एक बाजू येणाऱ्याला महागाई झाली असे वाटे, दुसरी बाजू न येणाऱ्याची खरोखर महागाई होई.

नवी लोखंडी वजने षटकोनी होती. त्यांची मालिका १, २, ५ अशी. ५० ग्रॅम, १००, २००, ५००, मग १ किलो, २, ५. या मालिकेत २५० ग्रॅमचे वजन नाही. पण आपण बाजारात मागतो काय? पाव किलो. आणि दुकानदार निमूटपणे २०० आणि ५० अशी दोन वजने पारड्यात टाकतो. साठाहून अधिक वर्षे हे चालू आहे. कायद्याने शेर गेला. त्याचा पाव मात्र किलोला चिकटून राहिला. अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे राहिले. नाण्यांतही पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले आणि ३० जून २०११ रोजी ते नाणे बंद होईपर्यंत म्हणत होते.

हा आपल्या लोकांचा हट्टीपणा असे समजू नये. मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे आणि त्यांचे उपसर्ग फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ठरले. मोठ्या मापांना ग्रीक उपसर्ग, डेका, हेक्टो, किलो. लहान मापांना लॅटिन, डेसी, सेंटी, मिली. पण फ्रेंच बाजाराला दहाचे भाग पचेनात. १८१२ मध्ये नेपोलियनने मागे येऊन ५०० ग्रॅमचा पौंड आणि त्याचे अर्धे, पाव, अर्धपाव वापरायला परवानगी दिली. १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक पद्धत पुन्हा सक्तीची झाली. वस्तू समोर असली की हात तिचे आधी दोन भाग करतो, मग चार. दहा भाग करणे हे कागदाचे काम आहे. कागदावर मात्र त्याला तोड नाही.

किलो, हेक्टो, डेका

तो कागद म्हणजे आजचा वर्ग. 'किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसीमीटर, सेंटीमीटर, मिलीमीटर' ही शिडी आपण सर्वांनी पाठ केली. खाली उतरताना दशांशचिन्ह उजवीकडे, वर चढताना डावीकडे. पावकी-निमकीची जागा एका टिंबाने घेतली. मुलांचे श्रम वाचले, यात वाद नाही. मैलाचे यार्ड, यार्डाचे फूट, फुटाचे इंच करत बसण्यापेक्षा हे शतपट बरे.

पण टिंब सरकवताना वस्तू डोळ्यांसमोर राहत नाही. जुन्या पाढ्यात चूक झाली तर पावशेराचा अच्छेर होई, फार तर दुप्पट. दशमानात टिंब एक घर चुकले की दहापट, तीन घरे चुकले की हजारपट. औषधाच्या मात्रेत मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची अदलाबदल झाली तर काय होईल याची कल्पना करावी. म्हणूनच दवाखान्यात '.५' लिहू नये, '०.५' लिहावे आणि '५.०' लिहू नये, नुसते '५' लिहावे असा दंडक असतो. टिंब पुसट झाले तरी रोगी वाचला पाहिजे.

वर्गातली सर्वांत जुनी चूकही इथलीच आहे. एक मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, म्हणून एक चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर असे हुशार मुलेही लिहितात. खरे उत्तर १०,००० आहे. घनमीटरात तर दहा लाख घन सेंटीमीटर. फरशीवर खडूने एक मीटरचा चौरस आखून त्यात एक सेंटीमीटरचा चौकोनी कागद ठेवला, तर ही चूक होणारच नाही. पण फरशीपर्यंत आपण जात नाही, शिडीवरच थांबतो.

आम्हाला विज्ञान शिकवणारे एक गुरुजी फळ्यावर कोणी नुसते '४०' लिहिले की खडू हातात तसाच धरून विचारत, "चाळीस काय रे? आंबे?" वर्ग हसायचा. त्या प्रश्नाची किंमत मला खूप उशिरा कळली.

वर्गाबाहेर

ती कळली सातबारा वाचायला लागल्यावर. गावात जमीन एकर-गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. त्याचेही सोळा आणे. ४० गुंठ्यांचा एकर. कागदावर मात्र हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, हेक्टर म्हणजे १०० आर. वर्गात ज्या 'हेक्टो'चा कधी उपयोग होत नाही असे वाटते, तो इथे शेतात उभा आहे. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, आर १०० चा. इतके जवळ की लोक दोन्ही एकच धरून चालतात. पण ४० गुंठे आणि ४० आर यांत जवळजवळ ४७ चौरस मीटरांचा फरक पडतो, पाचशे चौरस फुटांचा. एका लहान घराची जागा. वाटण्या करताना कोणी गुंठे बोलले आणि कोणी आर लिहिले, तर बांधाचे भांडण पुढच्या पिढीकडे जाते.

दुसरे उदाहरण प्रत्येक घरातले. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. नाव तेच, आतला ऐवज बदललेला. १८७१ च्या शेरासारखाच प्रकार. आजीच्या काळच्या यादीत 'पाटल्या १० तोळे' असे लिहिले असेल तर त्या ११६.६ ग्रॅमच्या असायला हव्यात. वाटणीच्या वेळी कोणी तराजूवर १०० ग्रॅम पाहून 'बरोबर आहे' म्हणाला, तर दीड तोळ्याहून जास्त सोने हिशेबातून गेले आणि कोणाला पत्ताही लागला नाही. कापसाच्या खंडीचेही तसेच. ती ७८४ रत्तलांची खंडी मेली नाही. कापूस बाजारात रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो आणि ती खंडी ३५६ किलोची असते. शेतकरी मात्र आपला कापूस क्विंटलवर विकतो. दोन्ही भाव एकाच दिवशी वर्तमानपत्रात येतात. त्यांची तुलना करायची तर एक भागाकार यावा लागतो.

तिसरे उदाहरण पाण्याचे. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी सांगतात. जायकवाडीची २,९०९ दलघमी. पहिला आकडा अब्ज घनफुटांत, दुसरा दशलक्ष घनमीटरांत. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. रूपांतर केले तर कोयना सुमारे २,९८० दलघमी आणि जायकवाडी सुमारे १०२.७ टीएमसी. दोन्ही धरणे जवळजवळ सारख्याच क्षमतेची आहेत. पाण्याच्या वाटपावरून एवढे वाद झडतात, पण एका भागाची बातमी घनफुटांत आणि दुसऱ्या भागाची घनमीटरांत वाचणाऱ्या लोकांना ही साधी तुलना सहजी करता येत नाही. नदीत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये सांगतात. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडले की एक टीएमसी होते. एवढे एक वाक्य ठाऊक असेल तर पूररेषेजवळ राहणाऱ्याला बातमीतून काही तरी उलगडते.

पडताळा

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. जुन्या पद्धतीचे बळ पाठांतरात होते असे मला वाटत नाही. ते पडताळ्यात होते. ८० रुपये म्हणजे शेर, हे ज्याला ठाऊक होते त्याच्या हातात सरकारी शिक्का नसतानाही साक्षीदार होता. दशमान पद्धत आणताना आपण ही साक्ष गमावली, अशी खंत काही जुन्या माणसांच्या बोलण्यात ऐकू येते. मला ती मान्य नाही. कारण मेट्रिक पद्धतीने तिच्याहून स्वस्त साक्ष दिलेली आहे. १७९५ मध्ये ग्रॅम ठरवला तो एक घन सेंटीमीटर पाण्याच्या वजनावरून. म्हणून एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, सोयीपुरते अगदी पक्के. ८० रुपये गरिबाजवळ नव्हते. पाण्याची लिटरची बाटली कोणाजवळ नाही? रिकाम्या बाटलीचे वजन आधी करून घेतले की भाजीवाल्याचा काटा तपासायला तेवढे साधन पुरते. एक मिलीमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी, हेक्टरवर पडला की १०,००० लिटर. शेततळे किती भरेल हे सातवीतला मुलगा वहीच्या कोपऱ्यात काढू शकतो. इंच, एकर आणि गॅलन यांत हे शक्य नव्हते. लांबी, घनफळ आणि वजन एकमेकांना जोडणारे हे नाते सोळाच्या नात्याहून व्यापक आहे.

ते वर्गात शिकवले जात नाही असेही नाही. पुस्तकात एका ओळीत दिलेले असते. पण परीक्षेत विचारले जाते ते टिंब. त्यामुळे रूपांतर हा गुण मिळवायचा प्रकार होतो आणि शाळा सुटली की सुटतो. एका तासाला मुलांनी घरून सातबाराची प्रत आणावी, दुसऱ्या तासाला धरणाच्या साठ्याचे कात्रण, तिसऱ्या तासाला पाण्याची बाटली आणि शाळेतला तराजू. आजी-आजोबांना विचारून जुन्या तोळ्याचा हिशेब करावा. शिक्षकांनी प्रत्येक उत्तरापुढे एकच प्रश्न विचारावा, चाळीस काय?

त्या उजळणीतल्या तीन ओळी आज बाजारात निरुपयोगी आहेत. तरीही लिहिणाऱ्याने त्या शेवटच्या पानावर का उतरवल्या असतील, हे मला आता समजते. भाव कोणीतरी दुसरा सांगणार आणि माप कोणीतरी दुसरा घालणार, हे त्याला ठाऊक होते. मधला हिशेब तेवढा त्याने स्वतःकडे ठेवला होता. ते पान मी झेरॉक्स करून पाठीमागे आणखी तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. एक लिटर पाणी, एक किलो. एक मिलीमीटर पाऊस, हेक्टरी दहा हजार लिटर. चाळीस गुंठे म्हणजे चाळीस आर नव्हेत.